एकच काम यादीत दोन-तीनदा येतं. दुबार नोंदी मुळातच कशा टाळाव्यात?

अंबड_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीतलं छोटं मशीनिंग युनिट आणि इंदिरानगरचं घर, दोन्हीकडची कामं एकाच व्यवस्थेत बसवायची आहेत. सध्याची मांडणी अशी:

फोनवर गूगल टास्क्स, त्यात 'घर' आणि 'युनिट' अशा दोन याद्या. युनिटच्या कॉम्प्युटरवर गूगल शीट, त्यात जॉब, देणी-घेणी आणि मशीनची देखभाल. रस्त्यात असताना सुचलेलं व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलं जातं. शिवाय टेबलावर डायरी आहेच.

दुबार नोंदी तीन वाटांनी येतात. एक, तेच काम वेगळ्या शब्दांत: टास्क्समध्ये 'लाईट बिल', शीटमध्ये 'महावितरण भरणा'. दोन, दरमहाची कामं: जीएसटीला पुनरावृत्ती लावलेली असतेच, वर सीएंच्या ऑफिसातून मेसेज आला की आणखी एक नोंद पडते. तीन, डायरीतलं अपुरं काम दुसऱ्या दिवशीच्या पानावर पुन्हा लिहिलं जातं आणि जुन्या पानावरचं उघडंच राहतं.

शीटमधलं 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' चालवलं तर 'एकही सापडलं नाही' असं उत्तर येतं, आणि डोळ्यांना मात्र दुबार ओळी सरळ दिसतात. नोंद करतानाच कळायला हवं, आणि नोंदीला दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये. नवं ॲप घ्यायची तयारी आहे. त्यानं सुटेल का?

हिशेबनीस_सिडको

नव्या ॲपनं सुटणार नाही, ताई. ॲपला शब्द कळतात, काम कळत नाही. 'लाईट बिल' आणि 'महावितरण भरणा' या त्याच्या लेखी दोन नोंदी. उलट युनिटचं आणि घरचं अशी दोन मीटर असतील, तर 'लाईट बिल' दोनदा लिहिलेलं असूनही ते दुबार नाही, ती दोन वेगळी कामं आहेत. शब्दांवर विसंबलं की दोन्ही बाजूंनी फसगत.

म्हणून प्रत्येक कामाला शब्दांपलीकडची ओळख द्या. तिला आपण चावी म्हणू. तिचे भाग तीनच: काय, कुणाचं, कुठल्या काळाचं.

वीज / ०३१८ / २०२५-०८
जीएसटी३बी / युनिट / २०२५-०८
विमा / गाडीचे शेवटचे चार आकडे / २०२५

मधला भाग सगळ्यात महत्त्वाचा. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो. त्याचे शेवटचे चार घेतले की घर आणि युनिट वेगळे होतात. गाडीलाही तसंच: एमएच १५ सगळ्यांचंच असतं, शेवटचे चार आकडे कामाचे.

तिसऱ्या भागात बहुतेकांचा गोंधळ होतो. ऑगस्टचं ३बी, म्हणजे करभरणा दाखवणारं जीएसटी विवरण, भरायचं असतं २० सप्टेंबरपर्यंत. एका जागी 'ऑगस्ट जीएसटी' लिहिलं आणि दुसऱ्या जागी 'सप्टेंबर जीएसटी', की एकच काम दोन महिन्यांचं दिसतं. जीएसटीआर-१ची (विक्रीच्या विवरणाची) तारीख ११, पीएफ-ईएसआयची १५, कापलेल्या टीडीएसची ७; ही सगळी मागच्या महिन्याची कामं पुढच्या महिन्यात होतात. चावीत नेहमी ज्या महिन्याचं काम आहे तो महिना लिहा, आणि शेवटच्या तारखेसाठी वेगळा रकाना ठेवा. क्यूआरएमपी (विवरण तिमाही, कर मात्र दरमहा, अशी जीएसटीतली सोय) घेतली असेल तर विवरण तिमाहीचं असतं, महाराष्ट्रात जीएसटीआर-१ला १३ आणि ३बीला २२ तारीख. तिथं चावीत तिमाहीचा शेवटचा महिना लिहायचा असं एकदाच ठरवून टाका.

आता शीट. काय, कुणाचं, काळ हे तीन रकाने करा. पहिल्या दोन्हींना ड्रॉपडाउन लावा, म्हणजे 'वीज', 'वीजबिल', 'लाईट' अशी तीन रूपं तयार होणार नाहीत. काळाचा रकाना आधी 'प्लेन टेक्स्ट' करा. नाहीतर वर्ष-महिना लिहिताच शीट त्याची तारीख करून टाकते आणि तीन रकाने जोडताना महिन्याऐवजी पाच आकडी संख्या दिसते. चौथ्या रकान्यात तिन्ही जोडून चावी. मग कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अटीप्रमाणे रंग देण्याच्या सोयीत) 'कस्टम फॉर्म्युला' निवडून काउंटइफ हे मोजणीचं सूत्र लिहा: पहिल्या जागी चावीचा अख्खा रकाना, दुसऱ्या जागी त्या ओळीची चावी, उत्तर १ पेक्षा मोठं असेल तर ओळ लाल. रकान्याच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह द्यायला विसरू नका, नाहीतर ओळीतला एखादाच चौकोन रंगतो.

झालेली कामं या मोजणीतून वगळू नका. सगळ्यात महागात पडणारी दुबार नोंद म्हणजे भरून झालेल्या बिलाची. झालेली ओळ मोजणीत राहिली तर नवी लिहिताच लाल होते आणि हे आधीच उरकलं आहे हे तिथंच समजतं.

डेटा व्हॅलिडेशन लावून दुबार नोंद साफ नाकारताही येते. पण दुसऱ्या चौकोनातून नेहमीसारखं पेस्ट केलं की तो नियमच पुसला जाऊ शकतो. रंगाचा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो.

कळफलक

'रिमूव्ह डुप्लिकेट्स'ला काही सापडत नाही याचं एक कारण मराठी टंकलेखनातच आहे. ती सोय चौकोनातला मजकूर अक्षरशः ताडून पाहते. 'लाईट' आणि 'लाइट', 'दुरुस्ती' आणि 'दुरूस्ती', 'जीएसटी' आणि 'जी.एस.टी.' हे फरक निदान डोळ्यांना दिसतात. न दिसणारे जास्त त्रास देतात.

'ॲप' घ्या. काही कळफलकांवर ॲ हे एकच अक्षर उमटतं. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय मानकात ते ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आलं. काही कळफलकांवर आधी अ आणि त्यावर चंद्र असं दोन तुकड्यांत उमटतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतून वेगळे. युनिकोडचं प्रमाणित सामान्यीकरण (सारखी अक्षरं एका रूपात आणण्याची रीत) केलं तरी हे दोन एक होत नाहीत. तसंच 'दुसऱ्या', 'व्यापाऱ्याला' यांतला ऱ्य: कुठे तो नुक्त्याच्या ऱपासून बनतो, कुठे साध्या रला हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह लावून.

तपासायची सोपी रीत: शेजारच्या चौकोनात मजकुराची लांबी मोजणारं लेन फंक्शन लावा. एकसंध ॲ असलेल्या 'ॲप'ची लांबी २ येते, तुकड्यांच्या 'ॲप'ची ३. सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींच्या लांबीत फरक आला की चोर सापडला.

व्हॉट्सॲप किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी न तुटणारी मोकळी जागा येते. शीटमधलं 'ट्रिम व्हाइटस्पेस' साध्या जागा काढतं, ही काढत नाही. ती फाइंड अँड रिप्लेसमध्ये चिकटवून साध्या जागेनं बदलावी लागते.

चावीत आकडे एकाच लिपीतले ठेवा. फोनवर देवनागरी ८ आणि कॉम्प्युटरवर इंग्रजी आकडा अशी सरमिसळ झाली की दोन चाव्या झाल्या. प्रश्नचिन्ह आणि तारांकनही चावीत नको, कारण काउंटइफ त्यांचा अर्थ 'कोणतंही अक्षर' असा लावतं आणि भलत्याच ओळी लाल करतं. ग्राहक क्रमांक शून्यानं सुरू होत असेल तर तोही रकाना 'प्लेन टेक्स्ट' हवा, नाहीतर पुढचं शून्य गळतं.

फोनवर शोधतानाही अख्खं नाव टाइप करू नका. 'लाईट' शोधलं तर 'लाइट' सापडणार नाही. आकड्यांवरून शोधा, ०३१८ कुणी चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घानं लिहू शकत नाही.

गोदाकाठ

हिशेबनीसांची चावी योग्यच, पण प्रत्येक कामाला आणि लिहितानाच चावी लावायची, याला माझा विरोध आहे. द्वारका सर्कलच्या सिग्नलला थांबलेल्या माणसानं ड्रॉपडाउनमधून तीन गोष्टी निवडाव्यात ही अपेक्षा चालणार नाही. चार दिवसांत तो पुन्हा व्हॉट्सॲपकडे वळेल आणि शीट ओस पडेल.

तपासणी टिपताना करू नये, यादीत घेताना करावी. ऑफिसात आवक-जावक ठेवतात तशी आवक वेगळी आणि कामांची यादी वेगळी. आवकेत एकच गोष्ट तीनदा आली तरी काही बिघडत नाही, कारण तिथून कुणी काम करत नाही. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, आवकेतली प्रत्येक ओळ उचलायची, यादीत आकड्यानं किंवा नावानं शोधायची, आणि तीनपैकी एक करायचं: नवी असेल तर चावीसह यादीत, आधीची असेल तर नवा तपशील जुन्या नोंदीच्या शेऱ्यात, कामाची नसेल तर पुसून टाकायची.

सीएंच्या मेसेजचं उत्तर यातच आहे. 'ऑगस्टचे खरेदीचे तीन बिलं पाठवा' हा मेसेज नवं काम नाही, आधीच्या ३बीच्या नोंदीतला शेरा आहे. मेसेज वाचताना 'हे कुठल्या उघड्या नोंदीचं?' एवढं विचारलं की निम्म्या दुबार नोंदी लिहिल्याच जात नाहीत.

आवकेच्या जागा मात्र कमी करा. तुमच्याकडे चार आहेत, दोन पुरेत: रस्त्यात व्हॉट्सॲप, टेबलावर डायरी. टास्क्स आणि शीट यांपैकी एकच यादी ठेवा. यादीत घेतलेला व्हॉट्सॲप मेसेज लगेच डिलीट करा. तो तसाच राहिला की दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलला जातो. ईमेलचंही तसंच. जीमेलमधून 'ॲड टू टास्क्स' केलं की मेल अर्काइव्ह करायचा. तारा लावून इनबॉक्समध्ये ठेवलेला मेल आणि टास्क्समधली नोंद, म्हणजे एकाच कामाच्या दोन जागा. आउटलुक वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की झेंडा लावलेला मेल मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये आपोआप दिसू शकतो; तो वर हातानं लिहिला तर दोन.

डायरीत काम पुन्हा लिहू नका. यादीतल्या प्रत्येक ओळीला अनुक्रमांक द्या आणि आजच्या पानावर फक्त '४७ वीज, ५२ कूलंट' (मशीन थंड ठेवणारं द्रव) एवढंच टाका. काम राहिलं तर उद्याच्या पानावर पुन्हा '४७'. तपशील, तारीख, शेरा सगळं ४७व्या ओळीतच. त्यामुळे डायरीतली कितीही पानं उघडी राहिली तरी कामं उघडी राहत नाहीत.

आणि 'बहिणीला फोन' याला चावी कशाला? पैसा, सरकारी तारीख, मशीन आणि गिऱ्हाईक एवढ्यांनाच लावा.

हिशेबनीस_सिडको

टिपताना तपासणी नको हे मान्य. चावी यादीत घेतानाच. फक्त ती रोजची वेळ टळली की आवकेतूनच थेट कामं व्हायला लागतात आणि मग यादीत 'झालं' ची खूणच येत नाही. त्यामुळे ती वेळ कॅलेंडरमध्ये पक्की हवी.

अंबड_जॉबवर्क

मनापासून आभार. मग शीट हीच यादी ठेवते, टास्क्समधून 'युनिट' काढून टाकते. दोन गोष्टी अजून अडतात. पुनरावृत्तीची कामं शीटमध्ये कशी ठेवायची? आणि वायरमनसारखी कामं: 'वायरमनला फोन', 'वायरमन येणार', 'वायरमनचे पैसे' अशा तीन ओळी होतात. त्या दुबार म्हणायच्या का?

सातपूर_सिस्टिम

वायरमनचं आधी. ते एकच काम आहे आणि त्याच्या तीन अवस्था आहेत. ओळ एकच, 'पॅनल दुरुस्ती / युनिट', आणि अवस्थेचा रकाना: करायचं, वाट पाहतोय, पैसे द्यायचे, झालं, बाद. अवस्था बदलली की त्याच ओळीत बदल. ओळीच्या नावात क्रियापद आणि निष्पत्ती हवी. नुसतं 'वायरमन' किंवा 'गाडी' लिहिलेली ओळ आठ दिवसांनी ओळखू येत नाही, आणि ओळखू न आलेलं काम माणूस पुन्हा लिहितो.

पुनरावृत्तीबाबत ॲपांच्या दोन जाती आहेत. एक जात काम झाल्यावर त्याच नोंदीची तारीख पुढे ढकलते. दुसरी प्रत्येक फेरीला नवी नोंद काढते. पहिलीत दोन महिने राहून गेलेलं बिल एकाच ओळीत दिसतं, म्हणजे एक थकबाकी लपते. दुसरीत न केलेल्या फेऱ्यांचा ढीग साचतो आणि तो दुबार वाटून लोक चुकीची ओळ पुसतात. आपलं ॲप कोणत्या जातीचं ते तपासायला रोजची एक खोटी नोंद करा, दोन दिवस हात लावू नका, तिसऱ्या दिवशी ओळी मोजा.

टोडूइस्ट या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये अजून एक बारकावा आहे. 'एव्हरी' लिहिलं तर पुढची तारीख मूळ वेळापत्रकावरून लागते, 'एव्हरी' पुढे उद्गारचिन्ह दिलं तर काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून. जीएसटीला पहिलं, कूलंट बदलायला दुसरं. उलट लावलं की तारखा सरकतात आणि 'यातून सुटलं वाटतं' म्हणून माणूस हातानं नवी नोंद करतो.

शीटमध्ये याहून सोपं आहे. 'साचा' नावाचं वेगळं पान करा, त्यात दरमहाच्या कामांची यादी. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या ओळी यादीत चिकटवायच्या, 'पेस्ट व्हॅल्यूज ओन्ली' वापरून. काळाच्या रकान्यात मागचा महिना. चुकून दोनदा चिकटवलं तर हिशेबनीसांच्या नियमानं सगळं लाल दिसेलच. साचा असताना टास्क्समधली त्याच कामांची पुनरावृत्ती बंद करणं आवश्यक आहे. दोन यंत्रं एकच काम काढत असतील तर कितीही शिस्त पाळली तरी दोन नोंदी येणारच. टास्कवॉरियर हे कामांच्या यादीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे ठाऊक असेल: अनेक कॉम्प्युटरवर एकच यादी सिंक होत असेल तर एक सोडून बाकी सगळ्या कॉम्प्युटरवर रिकरन्स (पुनरावृत्ती) बंद ठेवावा लागतो, नाहीतर प्रत्येक कॉम्प्युटर आपापली प्रत काढतो.

दोन ॲप एकमेकांना जोडत असाल तर दिशा एकच ठेवा. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे असे दोन्ही नियम लावले की एक नोंद प्रतिध्वनीसारखी परत येत राहते.

कॅलेंडरच्या तारखांची आयसीएस फाइल आयात करताना: त्या मांडणीच्या आरएफसी ५५४५ या मानकात प्रत्येक नोंदीला यूआयडी (स्वतंत्र ओळखक्रमांक) असतो, आणि तो तोच असेल तर ती तीच नोंद हे ओळखता येतं. पण काही साइट फाइल बनवताना दर वेळी नवा यूआयडी टाकतात. अशी फाइल दोनदा आयात केली की सगळ्या तारखा दुप्पट. शक्य तिथं आयात न करता लिंकनं सबस्क्राइब करा. जुनं काढायचं झालं तरी एका झटक्यात निघतं.

द्राक्षबाग_दिंडोरी

शेतीची यादी ठेवणाऱ्यांसाठी थोडं लिहितो, कारण बागेत दुबार नोंदीचा अर्थ दुबार फवारणी असा होऊ शकतो, आणि निर्यातीच्या मालात औषधाचा उर्वरित अंश हा जिव्हाळ्याचा विषय आहे.

चावीत काळाच्या जागी तारीख टाकू नका, छाटणीपासूनचा दिवस टाका. 'थॉम्पसन-१ / फळछाटणी / दिवस ४५ / मँकोझेब': प्लॉट, छाटणी, दिवस, औषध. दोन प्लॉटची छाटणी वेगळ्या तारखांना झालेली असते. तारखेवरून पाहिलं तर एकाच दिवशीची दोन सारखी कामं दुबार वाटतात आणि एका प्लॉटचं पुसलं जातं.

शीटमध्ये प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख एकाच चौकोनात ठेवा, बाकी सगळ्या तारखा त्यात दिवस मिळवून काढा. मजूर मिळाले नाहीत म्हणून छाटणी तीन दिवस पुढे गेली तर तो एक चौकोन बदलायचा. नवं वेळापत्रक खाली चिकटवलं की जुनं तसंच राहतं आणि पूर्ण हंगामाची यादी दुप्पट होते.

औषध लिहिताना ब्रँडचं नाव लिहू नका, घटक लिहा. डायथेन एम-४५ आणि इंडोफिल एम-४५ दोन्ही मँकोझेब. सल्लागाराच्या मेसेजमध्ये एक नाव, दुकानाच्या बिलावर दुसरं, आणि यादीत दोन फवारण्या. डब्याच्या लेबलावर घटक आणि टक्केवारी छापलेली असते, तीच उतरवायची. काढणीपूर्वीचा कालावधीही (फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस) शेवटच्या फवारणीपासून मोजायचा असतो. झालेली कोणती आणि दुबार लिहिलेली कोणती हे कळलं नाही तर तो हिशेबच चुकतो.

पावसानंतर तीच फवारणी मुद्दाम पुन्हा घ्यावी लागते. ती दुबार नाही. म्हणून चावीला शेवटी 'फेरी १', 'फेरी २' जोडा.

अंबड_जॉबवर्क

'फेरी' युनिटलाही लागू पडते, रीवर्कचे (दुरुस्तीसाठी परत आलेले) जॉब असेच पुन्हा येतात. शेवटचं विचारते: आत्ता जी खिचडी झाली आहे ती कोणत्या क्रमानं निस्तरायची?

हिशेबनीस_सिडको

आधी शीटची एक प्रत करून बाजूला ठेवा. मग उघड्या कामांनाच चावी लावा, जुनी झालेली कामं फक्त चालू आर्थिक वर्षातली घ्या. चावीच्या रकान्यावर क्रम लावला की जोड्या शेजारी येतात.

जोडीतली जुनी ओळ ठेवा, कारण शेरे तिच्यात असतात. नव्या ओळीतला तपशील जुनीत हलवा. दोन्हींच्या शेवटच्या तारखा वेगळ्या असतील तर मूळ बिल किंवा मेसेज उघडून खात्री करा. ते जमत नसेल तर आधी येणारी तारीख ठेवा, म्हणजे उशीर तरी होणार नाही. नव्या ओळीला 'झालं' अशी खूण करू नका, 'बाद' करा आणि शेऱ्यात 'पाहा ४७' असं लिहा. 'झालं' केलं तर महिनाअखेर बिल भरलं असं वाटून मूळ नोंदही बंद होते. 'बाद' ओळी लाल रंगाच्या मोजणीतून वगळायच्या, त्यासाठी काउंटइफच्या जागी काउंटइफ्स (एकाहून जास्त अटींची मोजणी) घेऊन अवस्थेची अट जोडा.

टास्क्समधली पुनरावृत्तीची नोंद काढताना फक्त आजची काढताय की पूर्ण मालिका, हे नीट वाचून दाबा. नुसती आजची काढली तर पुढच्या महिन्यात ती परत उभी राहील.

गोदाकाठ

आणि ही सफाई २० तारखेच्या आसपास काढू नका. ३बी भरून झाल्यावर, २१-२२ला बसा. तेव्हा उघड्या ओळी सगळ्यात कमी असतात.